कादंबरीची शिफारस आणि आप्तवाक्याची मर्यादा

एका वाचकाने दुसऱ्याला कादंबरी सुचवणे हा व्यवहार इतका नित्याचा आहे, की त्यात दडलेला ज्ञानविषयक प्रश्न सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (1939) श्रेष्ठ आहे असे ती वाचलेल्या माणसाने सांगितले, तर न वाचलेल्या श्रोत्याला नेमके काय कळते?

न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे, म्हणजे यथार्थ ज्ञानाची साधने, मानते. शब्द हे आप्ताचे वचन. आणि आप्त कोण, याचे न्यायभाष्यकार वात्स्यायनाने दिलेले उत्तर आजही विलक्षण उदार वाटते. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. या कसोटीवर ग्रंथालयात शेजारी बसणारा, समीक्षेशी संबंध नसलेला वाचकही आप्त ठरतो; उलट कादंबरी न वाचता केवळ तिची कीर्ती पुढे सांगणारा विद्वान आप्त ठरत नाही. सध्या वाचत असलेल्या, अर्ध्यावर आलेल्या कादंबरीविषयी बोलणाऱ्याचे वचन मात्र निर्णयाचे नव्हे, शोधाचे असते, आणि ते तसेच ऐकले पाहिजे.

तथापि आप्त मिळाला तरी अडचण संपत नाही. नवव्या शतकातील काश्मिरी आचार्य आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त दाखवून दिले, की रसाचे नुसते नाव घेतल्याने रस प्रतीत होत नाही, विभावादींच्या, म्हणजे पात्रे, प्रसंग व त्यांच्या चेष्टा यांच्या, योजनेतूनच तो व्यंजित होतो. युद्धाच्या छायेत युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवरील चक्रधर आणि ज्यू निर्वासित हॅर्टा यांची कथा करुण आहे, हे वाक्य पूर्णपणे खरे असूनही श्रोत्याच्या मनात करुणाचा लेशही उत्पन्न करीत नाही. तत्त्वज्ञ कांटने 1790 मधील आपल्या निर्णयशक्तिविषयक ग्रंथात हाच मुद्दा वेगळ्या दिशेने मांडला: एखादे काव्य ज्याला भावत नाही, त्याच्याकडून शंभर जणांची स्तुतीही आतली संमती मिळवू शकत नाही. पण त्याच ग्रंथात तो असेही म्हणतो, की सौंदर्याचा निर्णय देणारा माणूस इतर सर्वांच्या सहमतीची अपेक्षा धरूनच बोलतो. सिद्ध करता येत नाही आणि तरीही सहमती हवीच असते, अशा या पेचातच प्रत्येक शिफारस उभी असते.

या पेचाचा अधिक सखोल विचार काव्यशास्त्रकार भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या कल्पनेत आढळतो (त्याचा मूळ ग्रंथ लुप्त झाला असून त्याचे मत मुख्यतः रसविवेचक अभिनवगुप्ताच्या लेखनातून कळते). साधारणीकरण म्हणजे आस्वादाच्या वेळी हे माझे, हे परक्याचे, हे शत्रूचे अशा मर्यादा गळून पडणे. ही कल्पना मान्य केली, तर वाचलेले दुसऱ्याला सांगण्याच्या ओढीला प्रौढी म्हणून हिणवण्याचे कारण उरत नाही. जो अनुभव मुळातच एकट्याच्या मालकीचा नव्हता, तो आपला सहभागी शोधतो, इतकेच.

मात्र अभिनवगुप्ताने सांगितलेल्या रसविघ्नांपैकी, म्हणजे रसास्वादातील अडथळ्यांपैकी, एक शिफारस करणाऱ्याने विशेष जपून लक्षात घ्यावे असे आहे. आपल्याच सुखदुःखात बुडालेल्या प्रेक्षकाला रसास्वाद घेता येत नाही, असे ते विघ्न. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (1963) पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी मरते, तो भाग मराठी गद्याच्या शिखरांपैकी एक आहे, पण नुकतेच भावंड गमावलेल्या माणसाला ती कादंबरी त्या आठवड्यात देणे हा अविवेक होय. वेदान्त ज्याला अधिकारी म्हणतो, म्हणजे विशिष्ट ग्रंथ ग्रहण करण्यास योग्य व सिद्ध झालेला, तो येथे बुद्धीने वा अभ्यासाने ठरत नाही, मनाच्या त्या वेळच्या अवस्थेने ठरतो, आणि ती अवस्था स्नेहावाचून ओळखता येत नाही.

म्हणूनच सुचवलेली कादंबरी आवडली नाही, असे उत्तर आल्यास आप्ताचे वचन खोटे ठरत नाही आणि श्रोत्याचे रसिकत्वही नाकारता येत नाही. सुचवणाऱ्याला मान देण्यासाठी दिलेली खोटी पसंती मात्र दोघांचीही हानी करते, कारण तिच्यामुळे पुढील प्रत्येक शिफारशीचा आधार असलेली एकमेकांच्या अभिरुचीची ओळखच चुकीची होऊन बसते.