खात्याचा हिशेब आणि माणसाचा जबाब

आमच्या खेड्यापाड्यांतील बांधवांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते. रस्ता पहिल्याच पावसात वाहून जावो, बोडीची पाळ फुटो, अथवा निराधार विधवेचे अनुदान महिनेच्या महिने न येवो, लोक म्हणतात, "सरकारी काम आहे, हिशेब मागणारे आपण कोण?" या बोलण्यात नम्रता आहे असे कित्येकांस वाटते. आमच्या मते त्यात नम्रतेपेक्षा भीती अधिक आहे, आणि भीतीच्याही मुळाशी एक चुकीची समजूत आहे. ती ही की, जे सरकारचे ते कोणाचेच नव्हे. या समजुतीचा आज थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे. प्रश्न दोन आहेत. सरकारी खात्याने कोणास जबाब द्यावा, हा पहिला. आणि खाते म्हणजे काही माणूस नव्हे. तर त्याच्या वतीने तो जबाब द्यावा तरी कोणी, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे सोपे उत्तर असे देतात की, ज्याने कर भरला त्यास हिशेब मागण्याचा हक्क आहे. हे खोटे नाही. आपण सरकारास काहीच देत नाही असे समजणारा मजूरदेखील साबणाची वडी किंवा पायांतील चपला घेताना कर देतोच. सन २०१७ पासून वस्तू व सेवा कर या नावाने तो किमतीत मिळविलेला असतो. परंतु एवढ्यावरच थांबलो तर, ज्याने अधिक भरले त्याचा हक्क अधिक आणि ज्याच्यापाशी काहीच नाही त्याचा हक्कही नाही, असा विपरीत निष्कर्ष निघेल. म्हणून या हक्काचा खरा पाया निराळा आहे. जो दुसऱ्यांच्या वतीने, दुसऱ्यांसाठी, दुसऱ्यांच्या वस्तूवर अधिकार चालवितो तो धनी नव्हे; तो कारभारी होय. कारभाऱ्यास हिशेब विचारणे हा त्याचा अपमान नाही. धनी आणि कारभारी यांत भेद तो एवढाच की, एकास हिशेब द्यावा लागत नाही आणि दुसऱ्यास द्यावा लागतो. ज्या कारभाऱ्यास कोणी विचारीत नाही तो हळूहळू, स्वतःच्याही नकळत, धनी होऊन बसतो. तेव्हा न विचारणाऱ्यांचाही या अनर्थात थोडा वाटा असतो.

आता आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे वैनगंगेवर जे मोठे धरण आहे त्याच्या प्रकल्पास सन १९८३ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा अंदाजी खर्च ३७२ कोटी २२ लक्ष रुपये धरला होता. दिनांक २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील सुमारे अडीच लक्ष हेक्टर जमिनीस पाणी मिळावे हा हेतू होता. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला आणि सुधारलेला अंदाज १८,४९४ कोटी ५७ लक्ष रुपयांवर गेला. म्हणजे मूळ आकड्याच्या जवळजवळ पन्नास पट. न्यायाने बोलावयाचे तर यात महागाईचा, जमिनीच्या वाढलेल्या मोबदल्याचा आणि वाढविलेल्या कामाचाही भाग आहे. सगळीच वाढ चोरीची, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु वाढ कशाने झाली हे सांगण्याचा भार कोणावर आहे? ज्याच्या हाती कागद आहेत त्याच्यावर, की ज्याची बांधी पाण्याखाली गेली त्याच्यावर?

ज्यांची गावे उठली त्यांच्यासाठी सुमारे १,२०० कोटी रुपयांची विशेष पुनर्वसन मदत सन २०१३ मध्ये मंजूर झाली. भूमिपूजनाच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर पंचवीस वर्षांचे झाले होते. हा काळ कोणत्याही वहीत खर्च म्हणून लिहिला जात नाही. सिमेंटचा खर्च लिहितात, लोखंडाचा लिहितात. एका पिढीने 'आज उठावे लागेल की उद्या' या विवंचनेत घालविलेल्या वर्षांचा रकाना मात्र नसतो. म्हणून आम्ही म्हणतो की हिशेब तीन प्रकारचा असतो: पैशाचा, वस्तूचा आणि माणसाचा. पहिला चोख असून उरलेले दोन्ही बुडालेले असू शकतात.

पैशाचा हिशेब तपासण्यासाठी आपल्या राज्यघटनेने नियंत्रक व महालेखापरीक्षक हा स्वतंत्र अधिकारी नेमिला आहे. त्याचे अहवाल संसदेपुढे व विधिमंडळापुढे ठेवले जातात आणि लोकलेखा समिती खात्यांच्या सचिवांस बोलावून जाब विचारते. राष्ट्रीय प्रकल्पांवरील त्याच्या अहवालात गोसीखुर्दचीही तपासणी झालेली आहे. सन २०१२ मध्ये राज्यातील सिंचनाच्या खर्चावरून मोठा गदारोळ झाला, तेव्हा सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमिले. या व्यवस्था पोकळ नाहीत. तथापि त्या बहुधा घटना घडून गेल्यावर जाग्या होतात, आणि त्यांचा आवाज मुंबईस ऐकू येतो तितका पवनीच्या बाजारात येत नाही.

वस्तूचा हिशेब कसा बुडतो हे पाहावयाचे तर आपल्या तलावांकडे पाहावे. भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी लोकांनी व गावोगावच्या रयतेने खपून बांधलेले हे तलाव मालगुजारी नष्ट झाल्यावर, सन १९५१ मध्ये, सरकारजमा झाले. त्यांतले लहान जिल्हा परिषदेकडे गेले व मोठे पाटबंधारे खात्याकडे. मालगुजारीचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच विचार नाही. त्या काळी पाण्यावर कोणाचा हात होता आणि कोण बांधावर उभा राहून पाहत असे, हे आमच्या वाचकांच्या आजा-पणज्यांस ठाऊक होते. मालकी बदलली हे योग्यच झाले. परंतु पूर्वी गाव पाळीवर माती टाकीत असे, ते 'आता तलाव सरकारचा' म्हणून थांबले. आणि खात्याच्या दृष्टीने तो यादीतील शेकडो नावांपैकी एक झाला. गाळ साचला, वेशरमाची झुडपे माजली, काठावर अतिक्रमण झाले. वही पाहावी तर तलाव आहे. काठावर उभे राहावे तर पाणी नाही. येथे एक रुपयाचीही अफरातफर सिद्ध होणार नाही कदाचित, तरीही गावची ठेव गेली ती गेलीच.

आता माणसाच्या हिशेबाकडे येऊ. दिनांक ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षास आग लागली. तेथे सतरा बालके होती. सात वाचली, दहा गेली. ज्या माता तेथे आल्या होत्या त्या बहुतेक गरीब घरच्या होत्या. सरकारी रुग्णालयावाचून त्यांस दुसरा आसरा नव्हता. आगीपासून संरक्षणाची यंत्रणा बसविण्याचा प्रस्ताव वर पाठविला होता, पण मंजुरी आली नव्हती, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. चौकशी झाली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांस कामावरून काढण्यात आले, आणि पुढील महिन्यात दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदविण्यात आला. कुटुंबांस आर्थिक मदत देण्यात आली. कोण किती दोषी हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आम्ही त्यात हात घालीत नाही. आमचा प्रश्न त्याच्या मागचा आहे. त्या रात्री दाराशी कोण होते याची चौकशी करणे सोपे असते. पण त्याआधीच्या महिन्यांत तो कागद ज्या ज्या मेजावर थांबला, त्या मेजांमागील माणसे त्या रात्री आपापल्या घरी निजलेली होती. त्यांनी काही केले नव्हते. काही न करणे हेच त्यांचे करणे होते.

येथे आपला दुसरा प्रश्न उभा राहतो. खात्यास हात पुष्कळ असतात, पण अंतःकरण नसते. कारकून म्हणतो, 'मी कागद पुढे पाठविला'. अधिकारी म्हणतो, 'माझ्यापाशी निधी नव्हता'. वरिष्ठ म्हणतो, 'मजकडे कागद आलाच नाही'. प्रत्येकाचे म्हणणे खरे असू शकते, आणि तरीही दहा पाळणे रिकामे झालेले असतात. मग दोष हवेत विरून जातो काय? काही जण म्हणतात, दोष 'व्यवस्थेचा' आहे. हा शब्द फार सोयीचा आहे, कारण व्यवस्थेस निलंबित करता येत नाही आणि तिला रात्री झोप न येण्याचीही भीती नसते. उलट दुसरे काही सर्वांत खालच्या पायरीवरील माणूस पकडून समाधान मानतात. दोन्ही मार्ग आम्हांस चुकीचे वाटतात.

आमच्या मते न्यायाची कसोटी ही असावी: कोणास कळू शकत होते, आणि कोणाच्या हाती थांबविणे होते? ज्याचे कळणे अधिक व अधिकार अधिक, त्याचा जबाब अधिक. दोष वाटून घेतल्याने भाकरीप्रमाणे कमी होत नाही. ज्याचा जेवढा वाटा तेवढा त्याच्याकडे पूर्ण राहतो.

यावर एक खरा आक्षेप आहे. सारखा जाब विचारला तर प्रामाणिक अधिकारीही भितील, सही करावयास धजणार नाहीत, आणि कामे अधिकच अडतील. यात तथ्य आहे. परंतु सही न करण्यात सुरक्षितता का वाटते? कारण केलेल्या सहीचा जाब विचारला जातो, न केलेल्या सहीचा नाही. म्हणून उपाय जाब सोडून देणे हा नसून, अडवून ठेवलेल्या कागदाचाही जाब विचारणे हा आहे. आणि ज्याने वेळीच निर्णय घेतला, त्याच्या हातून प्रामाणिक चूक झाली तरी ती चूक म्हणून मोजणे, चोरी म्हणून नव्हे.

आणखी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थ्यास दरवर्षी आपण जिवंत आहोत याचा दाखला द्यावा लागतो. काठी टेकीत एखादी म्हातारी तहसिलीच्या पायरीवर जाऊन सांगते, "मी अजून आहे." लबाडी होऊ नये म्हणून हा नियम असेल, आम्ही त्यास नावे ठेवीत नाही. परंतु गरिबाने वर्षातून एकदा खात्यापुढे आपले अस्तित्व सिद्ध करावयाचे, तर खात्यानेही वर्षातून एकदा गरिबापुढे आपले सिद्ध करावे, हे न्यायास धरून नाही काय? किती आले, किती वाटले, किती अडले आणि का, हे चावडीवर वाचून दाखविले तर तो खात्याचा हयातीचा दाखला होईल.

कायद्याने यासाठी दारे उघडली आहेत. सन २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये दहा रुपये भरून कोणीही नागरिक कागद मागू शकतो, आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळावयास पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील माणसास ते शुल्कही नाही. सन २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने ठरलेल्या मुदतीत दाखले मिळण्याचा हक्क दिला आहे. ग्रामसभा तर आपल्या दारातच भरते. आमच्या मंडळ्यांतील जे उपदेशक व शिक्षक लिहू-वाचू शकतात त्यांनी शेजाऱ्याचा अर्ज लिहून द्यावा. तो शेजारी कोणत्या जातीचा वा धर्माचा आहे हे विचारू नये.

मात्र विचारणाऱ्यावरही बंधने आहेत. द्वेषाने, खोट्या तक्रारीने किंवा स्वतःचा वाटा मिळावा म्हणून हिशेब मागू नये. आणि जो दुसऱ्यास वही उघडावयास सांगतो त्याने आधी आपली उघडावी. मंडळीची वर्गणी, बचत गटाची पेटी, शाळेच्या तांदळाचे पोते यांचा हिशेब आपण वेळेवर व सर्वांसमक्ष देतो काय? जेथे पन्नास रुपयांबद्दल 'विश्वास नाही का?' असे रागाने विचारले जाते, तेथून अठरा हजार कोटींबद्दल प्रश्न विचारण्याचे बळ येणार नाही. विश्वास आणि हिशेब हे एकमेकांचे वैरी नव्हेत. हिशेबाने विश्वास टिकतो; हिशेबावाचून तो आंधळा होतो.

तेव्हा बांधवहो, पुढील ग्रामसभेस जा. मागे उभे राहू नका, पुढे बसा. आवाज न चढविता एकच प्रश्न विचारा: आमच्या गावाच्या नावाने काय आले, त्याचे काय झाले, आणि काय अडले? उत्तर मिळाले नाही तर पुढच्या सभेस पुन्हा तोच विचारा. वैनगंगेच्या काठी ज्या दहा मातांची कूस रिकामी झाली त्यांच्यासाठी आपण एवढे तरी करू शकतो की, पुढचा कागद कोणाच्या मेजावर निजू देणार नाही.