सहीचा अधिकार कोठवर?

पांढुर्णा-सौसरकडील अपिले जबलपूरच्या उच्च न्यायालयात जातात. त्याच जबलपूरच्या नावाने एक खटला देशभर ओळखला जातो.

२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली; मंत्रिमंडळाची संमती दुसऱ्या दिवशी सकाळी घेण्यात आली. लगेच २७ तारखेस त्यांच्याच आदेशाने, जीविताच्या हक्कासाठी न्यायालयात दाद मागण्याची वाट बंद झाली. तरी जबलपूरच्या न्यायाधीशांनी स्थानबद्धांसाठी दार उघडे ठेवले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे न्या. खन्ना यांनी विचारले, पोलिसाने वैरापोटी कोणाचा जीव घेतला तर? आणीबाणी आहे तोवर तेव्हाही दाद नाही, असे महान्यायवादी म्हणाले. हे ऐकूनही २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चौघांनी सरकारचाच पक्ष उचलून धरला. एकट्या खन्नांनी विरुद्ध मत दिले. पुढे त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले.

बंधुभगिनींनो, नियमात बसले म्हणजे कृत्य न्याय्य झाले काय? मला तसे वाटत नाही. “आधी मंत्रिमंडळाचा ठराव आणा,” एवढे म्हणणे राष्ट्रपतींच्या हाती होते. कागद परत पाठवणे हेही सही करणाराचे कर्तव्यच. आणि जीव जर कोणाच्या सहीने मिळाला नाही, तर त्याचे रक्षण सहीने कसे काढून घेता येईल?

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला. तो निकाल मात्र २०१७ साली रद्द ठरला. तसे लिहिणारे न्यायाधीश, त्या चौघांपैकी न्या. यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र धनंजय.