धूर आपला, खोकला तिचा

भिलाईत कुणी खोकलं की बोट आधी धुराड्यांकडे जातं. 1959 साली इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. व्हरांड्याच्या कठड्यावर बोट फिरवून काजळी बघायची आम्हा क्वार्टरवाल्यांना सवयच आहे. कारखान्याचा हिशेब कारखान्याला विचारावाच. पण खिडक्या लावून रात्रभर जळणारी मच्छर अगरबत्ती, देवापुढचा धूप, दिवाणावर बसून ओढलेली सिगारेट, हा धूर कुठल्या भट्टीचा? तुम्ही-आम्ही कामाला, बाजाराला बाहेर पडतो. घरातली मनी मांजर चोवीस तास त्याच खोलीत असते. त्या धुराचे कण तिच्या अंगावर बसतात, आणि ती तर दिवसभर अंग चाटत असते.

मांजराला दमा होतो म्हटलं की लोक हसतात. शंभरात एक ते पाच मांजरांना तो होतो, असा पशुवैद्यांचा अंदाज आहे. ती पोट जमिनीशी नेते, मान लांब काढते आणि खोकते. आपण म्हणतो, केसांचा गोळा अडकलाय. गोळा काही पडत नाही. तरी महिनोन्‌महिने आपण गोळ्याचीच वाट बघतो. मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयातला पांढरा वाघ बघायला मुलांना हौसेने नेणारे आपण, त्याच कुळातल्या घरच्या जिवाचा श्वास कधी बघत नाही.

दुर्लक्षापेक्षाही मला भीती वाटते ती आपल्या मायेची. मांजर शिंकतंय, अंग गरम लागतंय, म्हणून घरातली पॅरासिटामॉल दुधात चुरून देणारे प्रेमळ लोक मी पाहिलेत. माणसाचं यकृत ज्या पद्धतीने हे औषध निकामी करतं, ती मांजरात फार दुबळी असते. रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी जीव घ्यायला पुरते. फिनाइलचंही तसंच: ओल्या फरशीवरून चालायचं आणि पंजे चाटायचे, एवढाच तिचा गुन्हा.

उलटा आरोप मात्र तिच्यावर तयार असतो. घरात कुणाला धाप लागली की ‘मांजराच्या केसांमुळे’ असं ठरतं, आणि मग एक दिवस पोत्यात घालून तिला लांब सोडून येतात. काहींना मांजराची ॲलर्जी असते, हे खरं. ती मुख्यतः तिच्या लाळेतल्या आणि त्वचेवरच्या प्रथिनाची असते. पण आधी डॉक्टरांकडून तपासून तर घ्या! उपाशी मरेल अशा जागी जनावर टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पापपुण्य तुमचं तुम्ही ठरवा.

मांजराच्या दम्यावर उपचार आहेत. मांजराला तोंडावर मुखवटा धरून इनहेलरसुद्धा देता येतो. सवय लागली की ती निमूट घेते. दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे डॉक्टर कुठे शोधायचा ही सबब आपल्याला नाही.

आज अगरबत्ती न लावता मच्छरदाणी बांधा. मनी गाढ झोपली की घड्याळ घेऊन तिच्या बरगड्या किती वेळा वर-खाली होतात ते मोजा. मिनिटाला 30 पेक्षा जास्त श्वास पुन्हा पुन्हा भरले, तर सकाळी तिला दाखवा. तोंड उघडून धापा टाकत असेल, तर सकाळची वाट बघू नका.