डब्यात उरलेल्या चिठ्ठ्या

११ नोव्हेंबर २०२५ रोजी नागपुरात, रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात महापालिकेच्या आरक्षणाची सोडत निघाली. ३८ प्रभाग, १५१ जागा, त्यांतल्या ७६ महिलांसाठी. शाळेत संभाव्यतेचा धडा ज्यांनी ऑप्शनला टाकला असेल, असे इच्छुकही अशा वेळी चिठ्ठीगणिक मनातल्या मनात हिशेब मांडत असतात.

अनुसूचित जमातींच्या वाट्याला १२ जागा होत्या, पैकी ६ महिलांच्या. गणित सुटसुटीत राहावं म्हणून डब्यात एवढ्याच १२ चिठ्ठ्या आहेत आणि त्यांतून ६ काढायच्या आहेत, असं धरू. सुरुवातीला कोणत्याही प्रभागाची शक्यता निम्मी. पहिली चिठ्ठी दुसऱ्याची निघाली; ती डब्यात परत जात नाही. आता चिठ्ठ्या ११, काढायच्या ५, म्हणून शक्यता ५/११. मग ४/१०, ३/९, २/८. पाच चिठ्ठ्या निघूनही आपलं नाव आलं नाही, तर उरते अवघी १/७. जागा खुली राहावी म्हणून देव पाण्यात ठेवलेल्या भाऊंचा जीव इथे कुठे भांड्यात पडू लागतो.

शेजारच्या प्रभागातला मित्रही याच डब्यात असेल, तर? दोघांची शक्यता निम्मी-निम्मी, म्हणून दोन्ही चिठ्ठ्या निघण्याची शक्यता पाव, असं पटकन वाटतं. पण एक चिठ्ठी निघाली की दुसरीला ११ मध्ये पाचच संधी उरतात. १/२ गुणिले ५/११, म्हणजे ५/२२, जेमतेम २३ टक्के. मित्राचं निघणं आपल्याला थोडं वाचवतं. (मैत्रीचं काय होतं, हे गणित सांगत नाही.)

‘पहिल्या चिठ्ठीलाच खरा धोका’ हा समज मात्र खोटा. सोडत सुरू होण्यापूर्वी आपलं नाव नेमकं सहाव्या खेपेला येण्याची शक्यता काढायला ११/१२, १०/११, ९/१०, ८/९, ७/८ आणि १/७ यांचा गुणाकार करावा. अंश-छेद एकमेकांना खात जातात आणि उरतात १/१२. पहिल्या खेपेइतकेच.

प्रत्यक्षातली गुंतागुंत याहून मोठी. ३७ प्रभाग चार सदस्यांचे, आणि अशा प्रत्येक प्रभागात दोन जागा महिलांच्या. एखाद्या प्रभागात अनुसूचित जातीची आणि ओबीसींची, अशा दोन्ही जागा महिलांकडे गेल्या, की उरलेल्या दोन्ही सर्वसाधारण जागांवर महिला आरक्षण पडतच नाही. त्यामुळे मुरलेला कार्यकर्ता शेवटी डब्याकडे फारसा बघत नाही. तो समोरचा तक्ता वाचतो. त्याच्या जागेचा निकाल कधीकधी तिची चिठ्ठी न काढताच लागलेला असतो.