रस्त्याचा हक्क आणि वाहनाचा वेग

आपल्या मोहल्ल्यातील खड्ड्यांचा रस्ता अखेर डांबरी झाला की आपण अल्लाहचे आभार मानतो. काही दिवसांतच मात्र असरनंतर मकतबमधून सुटणाऱ्या मुलांचे हात मातांना घट्ट धरावे लागतात. पूर्वी खड्डे चुकवीत हळू जाणारी मोटारसायकल आता सुसाट जाते. चालवणारा तोच आहे. आठवड्याभरात त्याचे ईमान काही घटलेले नाही. बदलला तो रस्ता.

मग वेगाचा दोष चालकाच्या अंतःकरणात शोधावा की रस्त्याच्या रचनेत? आपला ओढा उपदेशाकडे असतो आणि उपदेश आवश्यकही आहे. परंतु चालकाचा तकवा जागा होईपर्यंत रस्ता ओलांडणाऱ्या बालकाने थांबावे काय? वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतर वाहन थांबण्यास चौपट अंतर लागते. तेवढ्या अंतरात पश्चात्ताप उपयोगी पडत नाही.

फिकहमध्ये 'सद्दे-जराए' नावाचे एक तत्त्व आहे: हानीकडे नेणारी वाटच बंद करावी. रस्त्याच्या बाबतीत हे कसे करता येते, याचे उदाहरण नेदरलँड्समध्ये सापडते. तेथे 1971 या एका वर्षात चारशेहून अधिक मुले वाहन-अपघातांत दगावली आणि पालक निदर्शनांसाठी रस्त्यावर उतरले. त्या देशातील डेल्फ्ट शहरात त्याआधीच गल्ल्यांची नवी रचना सुरू झाली होती. झाडे व बाके मांडून वाट वळणदार केली गेली, पदपथ आणि रस्ता एकाच पातळीवर आणले गेले. 1976 मध्ये अशा गल्ल्यांना कायद्याची मान्यता मिळाली. तेथे वेगमर्यादेची पाटी न वाचणाराही हळू जातो, कारण समोरची वाट त्याला वेग घेऊच देत नाही.

इराकच्या वाटेवर एखादे खेचर अडखळले तरी 'रस्ता सपाट का केला नाहीस' असा जाब अल्लाह आपल्याला विचारील, अशी धास्ती हजरत उमर (रजि.) यांना वाटे, असे सांगितले जाते. त्या काळी सपाट वाट ही दया होती. आज गल्लीत तोच सपाटपणा घातक ठरतो. जबाबदारी मात्र रस्ता करणाऱ्यावर तशीच आहे.

येथे आपलीही एक चूक सांगितली पाहिजे. अपघात झाला की गल्लीतील तरुण रातोरात सिमेंटचा उंचवटा उभा करतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद व 10 सेंटिमीटर उंच असतो. ताशी 25 किलोमीटरच्या वेगाने तो सुखरूप ओलांडता येतो. आपला उंचवटा हातभर रुंद, वितभर उंच आणि बिनरंगाचा! रिक्षातील गरोदर भगिनी आणि अंधारात स्कूटरवरून येणारे वडीलधारे त्याची किंमत मोजतात. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे ही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी ईमानाची शाखा म्हटली आहे. स्वतः हानी सोसू नये आणि दुसऱ्यालाही करू नये, ही शिकवणही त्यांचीच.

आणि नमाजसाठीची घाई? इकामत ऐकू आली तरी धावत न येता शांतपणे चालत यावे, जितकी नमाज मिळेल तितकी अदा करावी आणि उरलेली नंतर पूर्ण करावी, असे प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले. हे पायी येणाऱ्यांविषयी होते. आमच्या परिचयातील एका मशिदीच्या कमिटीने दारासमोरचा रस्ता कुंड्या ठेवून अरुंद करावा, असा अर्ज नगरपालिकेकडे दिला आहे. त्याला सर्वाधिक विरोध जुम्याला उशिरा निघणाऱ्यांचाच आहे.