मोहाखालची ओळख

गडचिरोलीच्या जंगलात चैत्रात पहाटेपासून मोह गळू लागतो. उजाडलं की बायका टोपल्या घेऊन निघतात. बहुतेकदा त्यांच्याआधी अस्वल येऊन पोटभर खाऊन गेलेलं असतं.

नागपूरहून गावी परतलेला एक नातू आजीच्या मोहाच्या राखणीला अंधारातच जाऊन बसे. दूरच्या खडकावरून त्याला अस्वलीण दिसे. पाठीवर दोन पिल्लं, तोंड जमिनीला, एकेक फूल वेचणं चाललेलं. ती त्याच्याकडे कधी पाहत नसे. त्याला वाटलं, हिने आपल्याला ओळखलं. त्याने तिला नाव दिलं आणि रोज थोडं पुढे सरकून बसू लागला.

आजीला कळलं तेव्हा ती घाबरली. "वारा तिच्याकडून तुझ्याकडे येते, म्हणून तुझा वास तिले लागत नाही. ओळख कायची गा?"

"मी तिचं काही वाईट केलं नाही, आजी."

"चांगलंबी नाही केलं. जे केलं ते मोहानं केलं."

अस्वलाचं नाक तल्लख, पण नजर अधू. अचानक कोणी जवळ आलं तर ते पळण्याआधी हल्ला करतं. एका पहाटे नातू नाल्यातून आला. वाळूत पाऊल वाजलं नाही. काठ चढला तो थेट तिच्यासमोर. वारूळ फोडणारी तिची नखं त्याच्या चेहऱ्यावरून फिरली. बायकांनी आरडाओरडा केला, डबे बडवले, तेव्हा ती पिल्लांसह निघून गेली. नातू जगला, डावा डोळा गेला.

इसापनीतीतलं अस्वल माणसाच्या कानाशी लागून उपदेश करतं. ती गोष्ट मला आवडते, पण जंगलात जाणाऱ्या पोराला तेवढीच सांगून पाठवणं मला चूक वाटतं.

दवाखान्यातून आल्यावर नातवाने विचारलं, "तिनं माझ्यावर राग का काढला?"

आजी त्याची पट्टी बदलत होती. "राग नाही रे पोरा. भेली ती. तिले पिल्लं होती अन् तू मधात आलास. दुसऱ्या दिवशी त्याच झाडाखाली मोह खाऊन गेली."

गावातल्या काहींनी तिला मारायचं ठरवलं होतं. त्यांना आजीनेच थांबवलं.

मोहाला जाणार असाल तर एकटे जाऊ नका. नीट उजाडू द्या, चौघं मिळून निघा आणि वाटभर मोठ्याने बोलत राहा.