भय कोणी कोणाचे बाळगावे?



मोशेच्या कथेमुळे तांबडा समुद्र आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याच समुद्रात, इजिप्तच्या किनाऱ्यापासून बरेच दूर, डेडलस नावाचा प्रवाळखडक आहे. वर एक दीपगृह, खाली प्रवाळांची उभी भिंत. पाणबुडे पाठीवर हवेची टाकी बांधून तेथे उतरतात ते हॅमरहेड शार्कच्या, म्हणजे हातोडीसारखे डोके असलेल्या मुशीच्या भेटीसाठी.

आपणही त्यांच्याबरोबर उतरलो आहोत असे समजू. सकाळची वेळ. वीस-पंचवीस मीटर खोलीवर भिंत मागे सोडून मोकळ्या निळाईत थांबायचे. बराच वेळ काहीच दिसत नाही. मग खालून सावल्या येतात. एक, तीन, कधी मोठा कळप. आपली छाती धडधडते. पण अनुभवी पाणबुडे सांगतात, पाठलाग करू नका, श्वास संथ ठेवा; बुडबुड्यांच्या गलबल्याने हे प्राणी निघून जातात. म्हणजे आपण ज्याला भ्यालो, तोच आपल्याला बिचकून आहे!

ते डोके पाहून हसू येईल. परंतु त्याच्या दोन टोकांना डोळे आहेत आणि खालच्या बाजूस असंख्य सूक्ष्म छिद्रे. वाळूत दडलेल्या माशाच्या शरीरातील क्षीण वीज त्याला त्यांतून जाणवते. संत थॉमस अॅक्विनस शिकवतात की देवाचा चांगुलपणा एका प्राण्यात मावत नाही, म्हणून त्याने नाना प्रकार निर्मिले. सेमिनरीत हा मुद्दा विद्यार्थ्यांना कोरडा वाटतो. त्यांना एकदा हे डोके दाखवावे.

उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने माणसाला समुद्रातील माशांवर सत्ता दिली. त्या सत्तेचे आपण काय केले? डेडलसला कळपाने दिसणारी ही जात 2019 पासून जगाच्या अतिसंकटग्रस्त यादीत आहे. कारण मुख्यतः तिचे पर. दूरच्या मेजवान्यांत त्यांचे सूप होते. मादी वयात यायला बरीच वर्षे घेते. ती अंडी न घालता पिल्लांना जन्म देते आणि ती पिल्ले किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात वाढतात. नेमकी तिथेच जाळी असतात.

आपल्याही बंदरांवर अशा डोक्याची पिल्ले जाळ्यात येतात. भारताने 2013 मध्ये पर कापून मासा फेकण्यास बंदी केली, 2015 मध्ये परांची निर्यात थांबवली. कोळी बांधवांना दोष देणे सोपे आहे; पण त्या सुपाची चटक त्यांनी लावली नाही आणि त्या मेजवानीला त्यांना कोणी बोलावतही नाही.